अर्धविरामाचं भांडण

माणच्या शेतांवर राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या इमारती उभ्या राहिल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी लेक तिथंच प्रोग्रॅम लिहिते. एका रात्री जेवताना ती वैतागून म्हणाली, "अब्बा, आठ प्रोजेक्ट आणि आठ तऱ्हा. कुणी ओळीच्या शेवटी अर्धविराम देतं, कुणी देत नाही."

मी बीए झालेला कवी, मला हसू आलं. मग तिनं उदाहरण दाखवलं. जावास्क्रिप्टमध्ये 'रिटर्न' लिहून उत्तर पुढच्या ओळीवर टाकलं, तर यंत्र 'रिटर्न'पाशी आपणच अर्धविराम धरतं. उत्तर बाहेर येत नाही आणि यंत्र तक्रारही करत नाही. ओळ कुठं मोडावी, यातच माझी उमर गेली. धोका लगेच कळला.

ही भाषा ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत उभी केली. घाईच्या खुणा राहिल्याच. चुका टिपणारं अवजार मात्र तिच्याहून जुनं. बेल लॅब्सच्या स्टीफन जॉन्सन यांनी 1970च्या दशकात सी भाषेसाठी 'लिंट' लिहिलं. लिंट म्हणजे कापडावरचं तूस. जावास्क्रिप्टसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांचं 'जेएसलिंट' 2002 मध्ये आलं, पण त्यात मर्जी बरीचशी क्रॉकफर्ड यांचीच. 2013 मध्ये निकोलस झाकास यांनी 'ईएसलिंट' काढलं. त्यात नियम आपले आपण ठरवायचे, एका पॅकेजमध्ये बांधायचे आणि प्रत्येक प्रोजेक्टनं तेच मागवायचं.

मला आपलं शुद्धलेखन आठवलं. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 मध्ये सरकारनं स्वीकारले, 1972 मध्ये आणखी चार जोडले गेले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्यांतला एक नियम मला फार शहाणा वाटतो: केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळाप्रमाणेच छापावं. ज्ञानोबांच्या ओळींवर लाल शाई चालवायची नाही!

लेकीला हे सांगितलं, कारण सामाईक नियम लावताच तिच्या जुन्या प्रोजेक्टांत लाल खुणांचा पाऊस पडला होता. तिनं दोन जुने प्रोजेक्ट वगळले. 'रिटर्न'सारख्या घातक चुकांना मात्र कुठंच माफी ठेवली नाही.

अर्धविरामावर मतदान झालं. ती विरुद्ध होती, हरली. आता मुकाट्यानं देते.