फ्रंट लोड वॉशिंग मशीन: पावडर किती, कोणत्या कप्प्यात? बोअरचं पाणी असेल तर काय करावं?

‘फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ’ हा हिशोब हातधुण्यात चालतो, समोरून दार असलेल्या मशीनमध्ये नाही. या मशीनमध्ये पाणी कमी लागतं. ड्रम कपडे वर उचलतो आणि खाली आपटतो, त्यातून मळ निघतो. फेस जास्त झाला की कपडे फेसावरच पडतात, आपटतच नाहीत. मळ तसाच राहतो, पावडर कपड्यात अडकते. मग अंगाला खाज सुटते, रबराला वास येतो.

पावडर कोणती?
पाकिटावर ‘फ्रंट लोड’ लिहिलेलीच घ्यावी. ती कमी फेसाची असते. हातधुण्याची किंवा बादलीची स्वस्त पावडर या मशीनमध्ये टाकू नये.

कोणता कप्पा कशासाठी?
ड्रॉवरमध्ये साधारण तीन कप्पे असतात. जागा कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून खूण पाहावी.
• एक उभी रेघ: प्री-वॉश. हा प्रोग्राम लावला नसेल तर रिकामा ठेवावा.
• दोन उभ्या रेघा: मुख्य धुणं. रोजची पावडर इथेच.
• फुलाची खूण: सॉफ्टनर म्हणजे कंडिशनर. ‘मॅक्स’ रेषेच्या वर भरू नये, नाहीतर तो आधीच वाहून जातो.

लिक्विड वापरत असाल तर मुख्य कप्प्यातली पट्टी किंवा छोटा कप बसवावा. मशीन उशिरा सुरू करायचं असेल तर लिक्विडऐवजी पावडर बरी. टाकीचा दाब कमी असेल तर पावडर कप्प्यातच गोळा होऊन बसते. असं होत असेल तर दाब आणि नळाजवळची जाळी तपासावी.

किती टाकायची?
सुरुवात पाकिटावरच्या मापाने करावी. १५ मिनिटांनी दाराच्या काचेतून बघा. थोडा फेस ठीक. अर्धी काच फेसाने भरली तर पुढच्या वेळी माप कमी करा.

पाणी जड असेल तर
बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाची ताकद खातात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. जलजीवन मिशनमधून गावांना दिलेल्या फील्ड टेस्ट किटमध्ये ही तपासणी होते. ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

जड पाण्यात पावडर दुप्पट करण्याऐवजी मुख्य कप्प्यात पावडरीसोबत चमचाभर धुण्याचा सोडा टाकता येतो. मशीनच्या पुस्तिकेत मनाई नाही ना, ते आधी बघावं. रेशीम आणि लोकरीला सोडा नको. डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर गार पाण्यात फारसं काम करत नाही, ४० अंशांवर लावावी. नीळ घट्ट ओतली तर डाग पडतात, ती बादलीत वेगळी द्यावी.

हे कधीच करू नका
ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो फुफ्फुसाला घातक आहे. बंद बाथरूममध्ये धोका जास्त.

फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. ते वेगळे, गरम पाण्यात धुवावेत, उन्हात वाळवावेत आणि नंतर मशीन एकदा रिकामं फिरवावं. औषध सांडून चिंब झालेले कपडे धुऊ नयेत, ते टाकूनच द्यावेत.

महिन्यातून एकदा
कपडे न टाकता गरम पाण्याचा ‘ड्रम क्लीन’ लावा. पावडर न टाकताही फेस आला, तर आतापर्यंत माप जास्त पडत होतं असं समजा. ड्रॉवर काढून धुवा, दाराचं रबर पुसा आणि धुणं झाल्यावर दार थोडं उघडं ठेवा. घरात लहान मूल असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा.