ईतारचे पेले आणि सेगँचा झोपाळा

रुग्णालयातील एका खोलीत छतापासून झोपाळा टांगलेला आहे, जमिनीवर रंगीत चेंडू पसरले आहेत आणि एक तरुण बाई चार वर्षांच्या मुलासमोर मांडी घालून ठोकळ्यांचा मनोरा रचीत बसल्या आहेत, असे दृश्य प्रथमच पाहणाऱ्या आजोबांस ‘येथे उपचार कोठे आहे?’ असा प्रश्न पडल्यास नवल नाही. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी नातवाच्या उपचारांची फी भरताना हा प्रश्न मोठ्याने विचारलाही. झोपाळ्याने तोल सुधारतो, चेंडूने हात व डोळा यांचा मेळ बसतो, ठोकळ्यांनी बोटांत बळ येते, असे त्यांस सांगण्यात आले. उत्तर खरे होते. परंतु ते पुरेसे होते असे आम्हांस वाटत नाही. खेळ हे या उपचाराचे केवळ अनुपान आहे, मात्रा मधातून चाटवावी तसे, की खेळ हीच मात्रा आहे, हा वाद या विद्येच्या जन्मापासून चालत आलेला आहे; आणि त्याचे मूळ पाहण्यास सव्वादोनशे वर्षे मागे पॅरिस शहरी जावे लागते.

१८०० साली दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतात रानात एकटा राहिलेला, अकराबारा वर्षांचा, एक शब्दही न बोलणारा मुलगा लोकांच्या हाती लागला. त्याच वर्षी त्यास पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेत आणले. वेड्यांच्या पायांतील साखळ्या काढविणारे म्हणून ज्यांचे नाव इतिहासात आहे, त्या पिनेल यांनी त्यास तपासले आणि हा जन्मतःच बुद्धिहीन असून सुधारण्यासारखा नाही, असा निर्वाळा दिला. संस्थेतील झाँ ईतार या सव्वीस वर्षांच्या वैद्यास तो पटला नाही. त्याने मुलास आपल्या हाती घेतले, त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि पाच वर्षे केलेल्या खटाटोपाची हकीकत दोन अहवालांत लिहून ठेवली. पहिला अहवाल १८०१ चा, दुसरा १८०६ चा. या विषयावरील पुढील सर्व ग्रंथ एका अर्थी त्या दोन अहवालांचीच संतती होत.

ईतारने प्रथम व्हिक्टरपुढे खेळणी मांडली. मुलगा म्हटला की खेळण्यांत रमावयाचाच, हे गृहीत धरण्यात त्याची चूक झाली असे आपण आज म्हणू. त्या काळी दुसरे कोणास सुचले असते? व्हिक्टर खेळणी लपवी किंवा मोडून टाकी. त्यांत चेंडूने पाडावयाच्या लाकडी खुंट्यांचा एक खेळ होता. त्याचा त्यास फार कंटाळा आला होता. एके दिवशी खोलीत एकटा असता त्याने त्या साऱ्या खुंट्या शेगडीत रचल्या, पेटविल्या, आणि लोक आत आले तेव्हा तो त्या जाळावर मोठ्या आनंदाने अंग शेकीत बसला होता. ही गोष्ट स्वतः ईतारनेच न लपविता लिहिली आहे, याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे. आपली फजिती छापून काढणारे वैद्य कोणत्याही काळी थोडेच.

मग त्याने दुसरी युक्ती योजिली. तीन पेले पालथे घालावयाचे, त्यांपैकी एकाखाली चेस्टनटचे फळ ठेवावयाचे आणि पेल्यांच्या जागा हळूहळू बदलावयाच्या. आपल्याकडील गारुडी वाट्या आणि गोट्या घेऊन करतात त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की गारुड्यास नजर चुकवावयाची असते, ईतारला ती खिळवावयाची होती. आरंभी व्हिक्टरचे लक्ष फळासाठीच होते. पुढे ईतारने फळाऐवजी खाण्याजोगी नसलेली वस्तू ठेविली, तरीही मुलाचे डोळे पेल्यावरून हलेनात. आमच्या मते या विद्येचा जन्म त्या क्षणी झाला. खाऊ संपला आणि खेळ शिल्लक राहिला.

तथापि याच अहवालात एक असा खेळ आहे की जो ईतारने शिकविलाच नव्हता. व्हिक्टरला बागेत एकचाकी हातगाडीत बसून फिरणे फार आवडे. हुक्की आली की तो समोर सापडेल त्याचा हात धरून त्यास बागेत नेई, गाडीच्या दांड्या त्याच्या हातांत देई आणि स्वतः आत चढून बसे. त्या मनुष्याने चालढकल केली तर हा उतरून स्वतः गाडी थोडी ढकलून दाखवी आणि पुन्हा आत जाऊन बसे. शब्दावाचून याहून स्वच्छ संभाषण कोणते असू शकेल? ईतार मात्र त्यास बोलावयास लावण्याच्या मागे होता. दूध या अर्थाच्या फ्रेंच शब्दाची चार अक्षरे जुळविण्यास त्याने मुलाला शिकविले. आणि एके दिवशी दूध जेथे मिळत असे त्या घरी निघताना व्हिक्टरने ती चार अक्षरे आपण होऊन खिशात घातली व तेथील मेजावर बरोबर मांडली. हा गुरूचा विजय खराच. पण धडे वाढत गेले तसतसे मुलाचे आक्रस्ताळेपणही वाढले, आणि अखेर एका प्रसंगी ईतारने त्यास उंच मजल्याच्या खिडकीबाहेर डोके खाली करून धरले. मुलगा भयाने पांढरा पडला, निमूटपणे धड्याकडे वळला आणि नंतर रडला. ज्याने पेल्यांचा खेळ शोधला, त्याच्याच हातून हे घडावे, हे आम्हांस या हकीकतीतील सर्वांत बोधक स्थळ वाटते. व्हिक्टर कधी बोलू लागला नाही. त्याचा सांभाळ करणाऱ्या मादाम गेरँ या प्रेमळ बाईंच्या घरी तो राहिला आणि १८२८ साली वारला.

ईतारचा शिष्य एद्वार सेगँ हा गुरूपेक्षा अधिक व्यवहारी निघाला. इंद्रियांपासून आरंभ करून बुद्धीपर्यंत चढावयाचे, हे त्याचे सूत्र. १८४६ साली त्याने आपली पद्धती ग्रंथरूपाने मांडली. पुढे तो अमेरिकेस गेला आणि तेथे १८६६ साली इंग्रजीत दुसरा ग्रंथ लिहिला. शिड्या, चेंडू, भोकांत बसवावयाच्या खुंट्या, निरनिराळ्या आकारांच्या खाचांची फळी, ही सर्व त्याची साधने. त्यांत एक झोपाळा होता. त्याची बैठक इतकी रुंद की मुलाचे पाय समोर सरळ पसरून राहत, आणि समोर भिंतीशी एक मजबूत फळी. झोका पुढे गेला की पाय फळीस टेकत व मूल आपल्याच पायांनी स्वतःस मागे रेटी. दुर्बळ पायांच्या मुलास ‘पाय झाड’ असे शंभर वेळा सांगून जे होणार नाही, ते येथे झोक्याच्या लोभाने होई.

हे सर्व विसरले जावयाचे होते, परंतु रोममध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या हाती ते पडले. मारिया मॉन्टेसोरी १८९६ साली डॉक्टर झाल्या. वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली मंदबुद्धी मुले त्यांनी पाहिली. जेवण होताच ती मुले जमिनीवर पडलेले पावाचे कण वेचू लागतात, अशी तेथील बाई तक्रार करीत होती, असे सांगतात. मॉन्टेसोरीबाईंनी सभोवार पाहिले तो खोलीत हाताने धरण्याजोगी दुसरी वस्तूच नव्हती. त्यांनी ईतार व सेगँ यांचे ग्रंथ मिळविले आणि ते स्वतःच्या हाताने संपूर्ण उतरून काढले. त्यांच्या काही मुलांनी सामान्य मुलांबरोबर वाचनलेखनाची परीक्षा दिली व ती उत्तीर्ण झाली. सर्व जग आश्चर्य करू लागले, तेव्हा बाईंना उलटाच प्रश्न पडला: मग निरोगी मुले इतकी मागे का? १९०७ साली सॅन लोरेन्झो या दरिद्री वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले, आणि जी साधने अपंगांसाठी घडली होती ती धडधाकट मुलांची झाली.

या साधनांचा पुढील प्रवास मराठी वाचकांस ठाऊक आहे. भावनगरास गिजुभाई बधेका, आणि त्यांच्यापाशी शिकून आलेल्या ताराबाई मोडक. १९४५ सालचे बोर्डी, नंतर कोसबाड. अनुताई वाघ यांची साथ. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया. १९३९ साली मॉन्टेसोरीबाई स्वतः हिंदुस्थानात आल्या. घरोघरची मुले बालमंदिरांत जाऊ लागली. पण ज्या मुलांच्या हातांत ती खुंट्यांची फळी मुळात दिली गेली होती, त्यांस मात्र बहुतेक बालमंदिरांचे दार बंदच राहिले. उसने घेतलेले भांडे सावकाराच्याच घरी परत पोचू नये, तसा हा प्रकार झाला. बाईंनी ‘खेळ’ हा शब्दही मागे टाकला. मुलाचे ते ‘कार्य’ असे त्या म्हणत. हा शब्द भारदस्त खरा, परंतु हातगाडीत चढून बसणाऱ्या व्हिक्टरला तो लागू पडेल की नाही याची आम्हांस शंका आहे.

हे ऋण फेडण्याचा आरंभ मुंबईत झाला. १९४७ च्या सुमारास पोलिओने पाय गेलेल्या मुलांसाठी फातिमा इस्माईल यांनी चिकित्सालय सुरू करविले; त्यांच्या स्वतःच्या मुलीस तो रोग झाला होता. १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली. या बाई मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. लग्नाने निंबकरांच्या घरी आल्या व कमला झाल्या. १९५२ साली व्यवसायोपचारकांचा जागतिक संघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापक देशांत हिंदुस्थानचे नाव आहे, ते मुख्यतः या बाईंच्या उद्योगामुळे. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईतच मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांसाठी संस्था काढली. त्याच वर्षी अमेरिकेत जीन एअर्स यांचा इंद्रियसंवेदनांच्या मेळासंबंधीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्यापासून छताला टांगलेला झोपाळा उपचारगृहांत फिरून अवतरला. तो सेगँचा झोपाळा नव्हे. पायांपेक्षा कानाच्या आतील तोलाच्या इंद्रियाकडे त्याचा रोख आहे. तरीही आम्हांस ते जुने बिऱ्हाडच वाटते.

२००६ साली संयुक्त राष्ट्रांनी अपंगांच्या हक्कांचा जो करार संमत केला, त्यात या मुलांस इतरांबरोबरीने खेळण्याचा हक्क स्वतंत्रपणे नमूद आहे. बरे होण्यासाठी नव्हे, खेळण्यासाठी. हे वाक्य लिहिणाऱ्यांनी व्हिक्टरच्या शेगडीची गोष्ट वाचली असावी असे मनात येते. आपल्याकडे अजून खुंट्याच दिल्या जातात. रोज वीस वेळा चेंडू, दहा वेळा मणी, पंधरा मिनिटे झोका, अशी यादी आईच्या हाती येते, आणि घरात आई राहत नाही, दुसरी शिक्षिका उभी राहते.

आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या घरी अशी यादी कपाटावर चिकटविलेली होती. मणी ओवण्याची वेळ झाली की नातू रडे आणि मणी पलंगाखाली भिरकावी. एके दिवशी आजी मटार सोलीत बसल्या असता तो सरकत जवळ आला, त्यांच्या हातातील शेंग त्याने ओढून घेतली आणि अर्धा तास एकेक दाणा काढून पातेल्यात टाकीत बसला. निम्मे दाणे त्याने खाल्ले. पुढच्या खेपेस आजींनी ही गोष्ट भीतभीत त्या तरुण बाईंना सांगितली. त्यांनी यादी मागवून घेतली, मण्यांच्या ओळीवर रेघ मारली, ‘मटार’ असे लिहिले, आणि हंगाम संपल्यावर पावट्याच्या शेंगा चालतील का, असे आजींनाच विचारले.