मठ्ठ माशीचं गोत्र

माणसाच्या पहिल्या गुणसूत्रावर पीडीई-४बी नावाचं जनुक आहे. त्याच्या घराण्याचा छडा लागला तो फळमाशीची शाळा घेताना.

कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये, सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत, माश्यांना आळीपाळीने दोन वास देत. एका वासासोबत विजेचा झटका. साधी माशी तो वास पुढे टाळते. एका वाणाला मात्र वास कळे, झटकाही कळे, पण दोहोंचा मेळ बसेना. १९७६ साली यादिन दुदाई, विल्यम क्विन आणि सहकाऱ्यांनी हा वाण जगापुढे आणला. नाव ठेवलं डन्स, म्हणजे मठ्ठ. शिक्का जरा अन्यायाचाच. ती थोडंफार शिकते, पण फार लवकर विसरते, हे नंतर दिसलं.  

मठ्ठपणाचं कारण १९८१ मध्ये सापडलं. बाहेरून संदेश आला की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी हा रेणू तयार होतो आणि निरोप पुढे नेतो. हा रेणू शोधणाऱ्या अर्ल सदरलँड यांना १९७१ चं नोबेल मिळालं होतं. काम झालं की एक विकर त्याला मोडून टाकतं. नेमकं तेच विकर या माशीत बिघडलेलं होतं. पाटी पुसलीच जात नसेल तर नवं लिहायचं कुठे? गंमत म्हणजे ‘रुटाबागा’ या भाजीच्या नावाचा दुसरा विसराळू वाण उलट कारणाने नापास झाला: त्याच्यात सायक्लिक एएमपी बनवणारं विकरच बिघडलेलं. माश्यांना भाज्यांची नावं का द्यावीत, हे त्या संशोधकांनाच ठाऊक!

डन्सच्या जनुकाचे मानवी भाऊबंद चार निघाले, पीडीई-४ए पासून ४डी पर्यंत. २००५ मध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या एका रुग्णात ४बी तुटलेलं आढळलं आणि मनोविकारांच्या अभ्यासकांचे कान टवकारले. पण एका रुग्णावरून साऱ्या आजाराचं खापर या जनुकावर फोडता येत नाही.

औषधांची वाट तर भलतीकडेच वळली. या जनुकांपासून बनणाऱ्या विकरांना रोखणारं रोलिप्राम नैराश्यावर वापरून पाहिलं, पण मळमळ आणि उलट्यांनी त्याचा घात केला. ही विकरं दाह घडवणाऱ्या पेशींतही असतात. त्यामुळे त्याच जातकुळीचं रोफ्लुमिलास्ट आज फुफ्फुसांच्या सीओपीडीवर देतात आणि अप्रेमिलास्ट सोरायसिसवर.