कर्तव्यावर मृत्यू आलेल्या जवानाच्या कुटुंबाला सरकारकडून काय मिळते?

केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल यांसारख्या केंद्रीय दलांतील जवानाचा कर्तव्य बजावताना मृत्यू झाल्यास केंद्र सरकार त्याच्या कुटुंबाला एकरकमी सानुग्रह अनुदान देते. सातव्या वेतन आयोगानंतर १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेले दर असे :

• कर्तव्यावरील अपघात, दहशतवादी किंवा समाजकंटकांचा हिंसाचार : २५ लाख रुपये
• सीमेवरील चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई : ३५ लाख रुपये
• युद्धात शत्रूच्या कारवाईत मृत्यू : ४५ लाख रुपये

ही रक्कम हुद्द्यावर नव्हे, तर मृत्यूच्या कारणावर ठरते. शिपाई असो वा अधिकारी, कारण एकच असेल तर रक्कमही तेवढीच. मात्र केवळ नोकरीत असताना मृत्यू आला, एवढे पुरत नाही. मृत्यू कर्तव्यामुळेच झाला, हे कागदोपत्री दिसावे लागते. त्यामुळे घटनेच्या अहवालात कारण काय नोंदवले आहे, हे कुटुंबाने वेळीच पाहणे महत्त्वाचे असते.

निवृत्तिवेतनही याच कारणावर अवलंबून असते. दहशतवादी हल्ल्यात मृत्यू झाल्यास पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे जवानाच्या अखेरच्या वेतनाइतकी रक्कम, दरमहा मिळू शकते. साधे कुटुंब निवृत्तिवेतन त्याहून बरेच कमी असते.

राज्य पोलीस या योजनेत येत नाहीत. महाराष्ट्र पोलिसांच्या कुटुंबांना राज्य सरकारचे नियम लागू होतात.