भरावाखालचा सिमेंट पाइप: कॉम्प्युटर मॉडेल नेमकं काय मोजतं?

हायवेच्या कडेला उतरून कधी खाली बघितलंय? मातीच्या भरावातून एक गोल सिमेंटचा पाइप आरपार गेलेला दिसतो. ही नळमोरी. रस्त्याच्या एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला सोडणं, एवढंच तिचं काम. आता सांगा, तिच्यावर 6 मीटर माती असेल तर वजन किती येत असेल?

साहजिक उत्तर म्हणजे डोक्यावरच्या मातीइतकं. पाइप बाहेरून 1.2 मीटर रुंद आणि माती घनमीटरला 1.8 टन धरली, तर पाइपच्या दर मीटर लांबीवर साधारण 13 टन. गुणाकार बरोबर आहे, उत्तर चुकीचं आहे. खरा भार 18 टनांच्या आसपास जातो. हे वरचे 5 टन येतात शेजारच्या मातीकडून.

सिमेंटचा पाइप कडक असतो, तो दबत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंची माती मात्र भराव चढत जाईल तशी दबते, खाली बसते. बसताना ती पाइपच्या डोक्यावरच्या मातीला घासते आणि तिलाही खाली ओढते. ही ओढ शेवटी पाइपवर येते. अरुंद चर खणून पाइप पुरला तर नेमकं उलटं होतं: चराच्या भिंती मातीला धरून ठेवतात आणि भार कमी होतो. हा फरक अमेरिकेतल्या आयोवा स्टेट कॉलेजात अॅन्सन मार्स्टन यांनी मांडला. शेतातलं पाणी काढणारे पाइप जमिनीत फुटत होते, त्यातून हे संशोधन उभं राहिलं.

मार्स्टनचं सूत्र कागदावर सुटतं. पण एकूण भार कळला तरी तो पाइपभोवती कसा पसरतो हे कळत नाही, आणि पाइप फुटतो की टिकतो हे त्यावरच ठरतं. इथे कॉम्प्युटर येतो. पाइप आणि माती यांचा उभा छेद घ्यायचा, त्याचे शेकडो छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा किती सरकतो, किती दबतो याची समीकरणं एकत्र सोडवायची. याला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. अमेरिकेच्या फेडरल हायवे खात्यासाठी 1976 मध्ये मायकेल कटोना यांनी यावर ‘कॅन्डे’ हा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत.

मॉडेलमध्ये एक गोष्ट नवख्यांकडून हमखास चुकते. पूर्ण भराव एकदम उभा करून गुरुत्वाकर्षण ‘ऑन’ केलं की उत्तर येतं, रंगीत चित्रही झकास येतं, पण ते खोटं असतं. साइटवर माती थराथराने पडते. खालचा थर वरचा पडण्याआधीच बसलेला असतो आणि दाबाखाली तो जास्त कडकही होतो. म्हणून मॉडेलमध्येही एकेक थर टाकत, दर वेळी हिशोब करत वर जावं लागतं. शिवाय माती पाइपवरून घसरू शकते, काँक्रीटला तडा गेला की त्याचा कडकपणा घटतो, हेही सांगावं लागतं. (कोड लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: एरर न देणारा बग सगळ्यात घातक.)

‘स्पायडा’ नावाच्या अशाच दुसऱ्या प्रोग्रॅममधून पाइप बसवण्याचे चार प्रमाण प्रकार ठरले. पहिल्या प्रकारात आजूबाजूची माती चांगली निवडून नीट ठोकलेली असते, तिथे भार डोक्यावरच्या मातीच्या 1.35 पट धरतात. चौथ्यात मातीवर फारसं लक्षच नसतं, तिथे 1.45 पट. फरक किरकोळ वाटेल. पण बाजूने मिळणारा आधारही पहिल्याकडून चौथ्याकडे जाताना 0.45 वरून 0.30 वर येतो, आणि पाइप चपटा होण्यापासून वाचतो तो याच आधारामुळे. चपटा होऊ लागला की माथ्याला आणि तळाला आतून तडे जातात, दोन्ही कुशींना बाहेरून.

यातला मला सगळ्यात आवडलेला निष्कर्ष उफराटा आहे. पाइपच्या अगदी तळाखालची मधली पट्टी ठोकायची नाही, सैल ठेवायची! ती कडक असेल तर सगळा भार एका रेषेवर टेकतो. सैल असेल तर पाइप थोडा रुतून रुंद जागेवर बसतो.

भारच कमी करायचा असेल तर पाइपच्या वर मुद्दाम मऊ थर ठेवतात. मार्स्टनच्या काळात पेंढा वापरायचे, नॉर्वेत थर्माकोलचे ठोकळे वापरून बघितले. मऊ थर दबतो, डोक्यावरची माती शेजारच्या मातीपेक्षा जास्त खाली बसते आणि मग शेजारची मातीच तिला धरून ठेवते.

तरी मॉडेलची एक दुखरी जागा उरतेच: पाइपच्या खालच्या गोलाईची बगल. तिथे रोलर पोहोचत नाही, धुम्मसही नीट बसत नाही. मॉडेलमध्ये मात्र ती जागा बाय डीफॉल्ट घट्ट मातीने भरलेली असते. म्हणून चांगला डिझायनर तीच फाइल दुसऱ्यांदा चालवतो. या वेळी बगलेत सैल माती टाकतो आणि तळाचे तडे किती वाढले ते बघतो.