घराच्या अंगणात लाकडी पर्गोला कसा बनवायचा? मोबाइल कुठे कामाला येतो आणि कुठे नाही

रिसॉर्टच्या फोटोंमध्ये तुम्ही पर्गोला नक्की पाहिला असेल. चार खांब, वर लाकडी पट्ट्या, त्यावर चढलेला वेल आणि खाली खुर्च्या. आपल्या भाषेत सांगायचं तर हा कायमचा लाकडी मांडव. घरामागे १२ बाय १२ फूट मोकळी जागा असेल, तर एका सुताराच्या मदतीने तो उभा करता येतो.

पण एक गोष्ट आधीच समजून घ्या. सागवान वापरलं, तर १० बाय १० फुटांच्या पर्गोल्यात तुमच्या डोक्यावर साधारण साडेतीनशे किलोंहून जास्त लाकूड असतं. फोटोत वरच्या पट्ट्या दिसतात, पण पर्गोला टिकतो तो खांबाच्या पायावर आणि सांध्यांवर. म्हणून खर्च तिथे आधी करा.

पर्गोला खरंच सावली देतो का?

देतो, पण दिवसभर सारखी नाही. मे महिन्याच्या मध्यावर पुणे-मुंबईत 'शून्य सावली दिवस' येतो, म्हणजे दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो. अशा वेळी १ इंच जाडीच्या पट्ट्या ३ इंचांच्या फटी सोडून लावल्या असतील, तर फक्त पाव भाग सावली मिळते. बाकी ऊन सरळ खाली!

आता युक्ती बघा. त्याच पट्ट्या आडव्या न टाकता उभ्या लावा, म्हणजे ३ इंच उंची राहील, आणि त्यांची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. सूर्य पश्चिमेला कलला की प्रत्येक पट्टीची सावली शेजारच्या फटीत पडते. सूर्य ४५ अंशांपर्यंत खाली आला की सगळ्या फटी झाकल्या जातात. पुण्यात मे महिन्यात ही वेळ साधारण पावणेचारची. म्हणजे संध्याकाळच्या चहाला पूर्ण सावली, मात्र सूर्य अगदी खाली उतरला की बाजूने ऊन येणारच.

भर दुपारीही बसायचं असेल, तर वर मधुमालती किंवा कृष्णकमळाचा वेल चढवा, नाहीतर उन्हाळ्यापुरती शेडनेट बांधा. शेडनेट वारा धरते, त्यामुळे पावसाळ्याआधी ती काढायलाच हवी.

दिशा बघायला मोबाइलचं होकायंत्र पुरेसं आहे. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक अगदी किरकोळ असतो. फक्त लोखंडी गेट, गाडी किंवा चुंबक असलेलं मोबाइल कव्हर जवळ नको.

किती लाकूड लागेल?

खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १० फूट अंतर धरलं आणि वरचं लाकूड प्रत्येक बाजूला १ फूट बाहेर काढलं, तर हिशोब असा:

• खांब: ४ नग, ४ × ४ इंच, ९ फूट – ४ घनफूट
• तुळया: ४ नग, २ × ६ इंच, १२ फूट – ४ घनफूट
• वासे: ७ नग, २ × ६ इंच, १२ फूट – ७ घनफूट
• पट्ट्या: ३६ नग, १ × ३ इंच, १२ फूट – ९ घनफूट

एकूण २४ घनफूट. वखारीत लाकूड घनफुटावर विकतात, म्हणून हे सूत्र मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा: रुंदी इंचात × जाडी इंचात × लांबी फुटांत ÷ १४४. बिल हातात आलं की तिथेच ताळा करा.

सागवान महाग पडत असेल, तर रसायन मुरवलेलं पाइन चालतं. लाकूड सुकलेलं आहे ना, हे मात्र विचारा. ओलं लाकूड नंतर पिळतं आणि सांधे उघडतात.

आखणी: इथे अ‍ॅपवर विसंबू नका

कॅमेऱ्याने अंतर मोजणारी अ‍ॅप्स अंदाजासाठी छान आहेत, पण १० फुटांत काही सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. खड्डे आखायला टेप आणि दोरीच घ्या. कोपऱ्यापासून एका दोरीवर ६ फुटांवर आणि दुसऱ्या दोरीवर ८ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० फूट आलं, तर कोपरा काटकोनात आहे. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, म्हणजे साधारण १४ फूट पावणेदोन इंच यायला हवेत.

पाया: सगळ्यात महत्त्वाचं काम

खांब थेट मातीत किंवा काँक्रीटमध्ये गाडू नका. जमिनीलगत ओल राहते, लाकूड कुजतं, वाळवीही तिथूनच चढते. वरून खांब ठणठणीत दिसतो आणि आतून पोकळ झालेला असतो.

त्याऐवजी प्रत्येक खांबासाठी दीड बाय दीड फूट आणि २ फूट खोल खड्डा घ्या. काळी माती असेल, तर मुरूम लागेपर्यंत खाली जा, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. काँक्रीट जमिनीच्या वर ४ इंच आणा आणि पाणी ओघळून जाईल असा उतार द्या. त्यात जस्तलेपित लोखंडी बूट बसवा. खांब या बुटात, काँक्रीटपासून किमान १ इंच वर राहील. काँक्रीटवर ७ दिवस पाणी मारा, तोपर्यंत खांब चढवू नका.

उभारणी

खांब बुटात बोल्टने बसवा आणि तात्पुरते टेकू द्या. ओळंबा शेजारच्या दोन बाजूंना लावून बघा. मोबाइलमधलं लेव्हल अ‍ॅपही चालेल, पण आधी त्याची परीक्षा घ्या: फोनची लांब कड पट्टीवर ठेवा, रीडिंग बघा, मग फोन त्याच जागी उलट फिरवून पुन्हा बघा. कल तेवढाच आणि त्याच बाजूला दिसला तर अ‍ॅप बरोबर. फोन पाठीवर ठेवू नका, कॅमेऱ्याचा उंचवटा घोळ करतो.

पूर्वेच्या दोन खांबांवर एक आणि पश्चिमेच्या दोन खांबांवर एक, अशा तुळयांच्या दोन जोड्या येतील. खांबाला दोन्ही बाजूंनी अर्धा इंच खाच पाडा, म्हणजे तुळईचं वजन नुसत्या बोल्टवर न येता लाकडावर बसेल. मग प्रत्येक सांध्याला १२ मिमीचे दोन आरपार बोल्ट, वायसरसकट. समुद्राजवळ राहत असाल, तर स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

तुळयांवर दर २ फुटांनी पूर्व-पश्चिम वासे आणि वाशांवर उत्तर-दक्षिण पट्ट्या. स्क्रूआधी भोक पाडा, नाहीतर लाकूड चिरतं.

तिरके आधार विसरू नका

खांब आणि तुळई, तसंच खांब आणि वासा यांच्यामध्ये ४५ अंशांत दोन-दोन फुटांचे आधार लावा. त्यांच्याशिवाय चौकट वाऱ्यात झुलते आणि बोल्टची भोकं हळूहळू मोठी होतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा मोठमोठी झाडं आडवी झाली होती. कोकणात बांधत असाल, तर असा वारा हिशोबात धराच.

गच्चीवर करायचाय?

स्लॅबला भोक पाडू नका, वॉटरप्रूफिंग फुटतं. आधी सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्या.

देखभाल

कापलेल्या टोकांना वाळवीरोधक आणि बाहेरच्या वापराचं वुड फिनिश दोन हात द्या, कारण पाणी टोकांतूनच जास्त शिरतं. दरवर्षी मे महिन्यात बोल्ट आवळा आणि खांबाच्या तळाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. तो आत रुतला, तर लाकूड कुजायला लागलंय. त्या खाली बसणं थांबवा आणि सुताराला बोलवा. मोबाइलमध्ये या तपासणीचं दरवर्षीचं रिमाइंडर आजच लावून टाका.