भूमिकाखेळांतील पात्रांचे विज्ञानकथात्मक रूपांतर

भूमिकाखेळांतील पात्रांचे विज्ञानकथात्मक रूपांतर म्हणजे योद्धा, जादूगार, एल्फ, ड्वार्फ अशा अद्भुतरम्य पात्रप्रकारांना विज्ञानकथेच्या विश्वात स्थान देणे होय. १९७४ साली अमेरिकेत प्रकाशित झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने हे प्रकार रूढ केले.

पद्धती

'ट्रॅव्हलर' (१९७७) या खेळात असे वर्ग नाहीत. पात्राने पूर्वी केलेली सेवा हाच त्याच्या कौशल्यांचा पाया असतो. 'शॅडोरन'मध्ये (१९८९) भविष्यकाळात जादू पृथ्वीवर परतते व एल्फ, ड्वार्फ ही मानवाचीच रूपे ठरतात. 'स्टारफाइंडर'मधील (२०१७) टेक्नोमॅन्सर जादू व यंत्रविद्या यांचा मेळ घालतो.

मर्यादा

केवळ नाव बदलणे पुरेसे नसते. अद्भुतरम्य खेळात जखमी सोबत्यास बरे करणे हे प्रामुख्याने पुरोहिताचे कार्य असते. तेच कार्य कोणासही विकत घेता येणाऱ्या यंत्राने साधले, तर ती भूमिका घेणाऱ्या खेळाडूस काम उरत नाही. म्हणून शक्तीचा उगम बदलला, तरी पात्राचे गटातील कार्य टिकवावे लागते.

मराठी साहित्यात

जयंत नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या विज्ञान कादंबरीत यंत्रमानवास वामन हे नाव आहे. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणाऱ्या बटूची कथा ठाऊक असलेल्या वाचकास त्या नावातच धोक्याची सूचना मिळते.